विश्लेषण : मुरुमांवरचे ‘रेटिन-ए’ मलम देणारे डॉ. अल्बर्ट क्लिगमन वादग्रस्त का ठरले?

मुरुमांवर त्वचारोगतज्ज्ञ आज ज्या रेटिनॉइड मलमांवर सर्वाधिक भिस्त ठेवतात, त्यांची सुरुवात अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरातून झाली. मलम गुणकारी ठरले आणि पन्नास वर्षांनंतरही टिकून आहे. पण त्याच्या चाचण्या ज्यांच्या अंगावर झाल्या, त्यात तुरुंगातले कैदीही होते. मलमाचे जनक डॉ. अल्बर्ट क्लिगमन यांचे आयुष्य म्हणूनच वैद्यकशास्त्रात दोन्ही कारणांनी सांगितले जाते. त्यांच्या मृत्यूनंतर अकरा वर्षांनी त्यांच्याच विद्यापीठाला माफी मागावी लागली.

कोण होते क्लिगमन?

अल्बर्ट क्लिगमन यांचा जन्म १७ मार्च १९१६ रोजी फिलाडेल्फियात एका गरीब ज्यू स्थलांतरित कुटुंबात झाला. वडील मूळचे युक्रेनचे आणि वृत्तपत्र वितरणाच्या कामात. आई इंग्लंडहून आलेली, दुकानात विक्रेती. बालवीर पथकाबरोबर शहराबाहेर भटकताना या मुलाला झाडापानांची गोडी लागली. पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात त्यांनी वनस्पतिशास्त्राची पदवी घेतली आणि तिथल्या जिम्नॅस्टिक्स संघाचे नेतृत्वही केले. पुढे पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातून १९४२मध्ये डॉक्टरेट मिळवली. विषय होता बुरशी. अळंबीच्या लागवडीवर त्यांनी पुस्तकही लिहिले.

बुरशीचा अभ्यासक त्वचेकडे वळला, यात नवल नाही. नायटा, गजकर्ण, पावसाळ्यात पायांच्या बोटांमध्ये होणाऱ्या चिखल्या हे सगळे बुरशीचेच आजार. क्लिगमन यांनी वैद्यकीय शिक्षण घेतले आणि १९४७मध्ये ते डॉक्टर झाले. त्याच वर्षी जर्मनीत नाझी डॉक्टरांच्या खटल्याचा निकाल लागला आणि त्यातून ‘न्यूरेंबर्ग संहिता’ जन्माला आली. माणसावर प्रयोग करायचा तर त्याची स्वेच्छेने दिलेली संमती हवीच, हे त्या संहितेचे पहिले कलम. अमेरिकी न्यायाधीशांनी सांगितलेला हा नियम अमेरिकेतच किती पाळला गेला, हे पुढच्या २५ वर्षांत दिसले.

तुरुंगाशी संबंध कसा आला?

फिलाडेल्फियातील होम्सबर्ग तुरुंग १८९६पासूनचा. १९५१मध्ये तिथे कैद्यांमध्ये चिखल्यांची साथ पसरली आणि उपचारासाठी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील तरुण त्वचारोगतज्ज्ञ क्लिगमन यांना बोलावण्यात आले. आत शेकडो पुरुष, सगळे एकाच जागी, एकाच आहारावर, एकाच दिनक्रमात. बाहेर प्रयोगासाठी माणसे मिळवणे, त्यांना महिनोन्महिने धरून ठेवणे अवघड. इथे ती अडचणच नव्हती. कैद्यांच्या रांगा पाहून आपल्याला एकरोएकर त्वचा दिसली, असे त्यांनी पुढे एका मुलाखतीत सांगितले. रुग्ण तपासायला गेलेला डॉक्टर तिथे प्रयोगशाळा थाटून राहिला. हे काम १९७४पर्यंत चालले.

कैदी तयार का होत?

पैशासाठी. तुरुंगातील शिवणकाम किंवा इतर कामाला दिवसाला काही सेंट मिळत. पाठीवर औषधाचे फडके लावून घेतले, तर काही डॉलर हाती येत. जोखमीच्या प्रयोगांना त्याहून बरेच जास्त. होम्सबर्गमधील अनेक जण शिक्षा झालेले नव्हते, तर खटल्याची वाट पाहणारे कच्चे कैदी होते. जामिनाची रक्कम नाही म्हणून आत राहिलेल्यांना हा पैसा म्हणजे घरी जाण्याचा रस्ता वाटे. यांतील बहुसंख्य कृष्णवर्णीय होते आणि कित्येकांचे शिक्षण जेमतेम होते. कागदावर सही असे, पण कोणते रसायन लावले जात आहे, त्याने काय होऊ शकते, हे बहुतेकांना सांगितले जात नसे.

साबण, शाम्पू, दुर्गंधीनाशके, मलमे अशा अनेक गोष्टींच्या चाचण्या इथे झाल्या. पाठीवर चौकोन आखून प्रत्येक चौकोनात वेगळे द्रव्य लावले जाई. काही ठिकाणी त्वचेचा तुकडा काढून तपासला जाई. त्याचे व्रण अनेकांच्या पाठीवर आयुष्यभर राहिले. औषध कंपन्या, रसायन कंपन्या आणि खुद्द अमेरिकी लष्कर यांचा पैसा या कामात होता. १९६०च्या दशकात लष्करासाठी मेंदूवर परिणाम करणारी रसायने सुमारे ३२० कैद्यांवर वापरण्यात आली.

मुरुमांचे कोडे काय होते?

त्या काळात मुरुम म्हणजे वयात येण्याची खूण, लग्न झाले की जातील, असे मानून सोडून देण्याची रीत होती. उपचार होते ते गंधकाची मलमे, चेहरा घासून धुणे, पथ्यपाणी आणि काही ठिकाणी चक्क क्ष-किरण. मुरुम मळामुळे येतात, हा समजही घट्ट होता.

क्लिगमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा चित्र वेगळे दिसले. चेहऱ्यावर प्रत्येक केसाच्या मुळाशी तेलग्रंथी असते. केसाच्या नळीचे अस्तर सतत नवे होत असते आणि जुन्या पेशी सुट्या होऊन तेलाबरोबर बाहेर पडतात. मुरुम होणाऱ्या त्वचेत या पेशी सुट्या होत नाहीत. त्या एकमेकींना चिकटून नळीत बूच तयार होते. हे बूच सुरुवातीला डोळ्यांना दिसतही नाही. तोंड उघडे राहिले तर त्याचा काळा ठिपका होतो, बंद राहिले तर पांढरी पुटकुळी. आत साचलेल्या तेलावर जीवाणू वाढतात, नळीची भिंत फुटते आणि लाल, दुखरा मुरुम उठतो. काळ्या ठिपक्याचा काळेपणा मळाचा नसतो, त्यामुळे तो घासून जात नाही. म्हणजे लढाई मुरुमाशी नव्हे, तर तो दिसण्याच्या कित्येक आठवडे आधी तयार होणाऱ्या बुचाशी होती.

‘अ’ जीवनसत्त्व इथे कसे आले?

‘अ’ जीवनसत्त्व कमी पडले की त्वचा खरखरीत होते आणि केसांच्या मुळाशी बुचे बसतात, हे आधीपासून माहीत होते. म्हणून १९४०च्या दशकात मुरुमांसाठी हे जीवनसत्त्व पोटातून देऊन पाहण्यात आले. मात्र उपयोग होण्याइतकी मात्रा शरीराला विषारी ठरू शकते. मग त्याचेच आम्लरूप, म्हणजे ट्रेटिनॉइन, थेट त्वचेवर लावण्याची कल्पना पुढे आली. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला जर्मन त्वचारोगतज्ज्ञांनी हे प्रयोग केले. पण त्वचा लाल होते, सोलवटते, आग होते, या कारणाने ते मागे पडले.

क्लिगमन इथे थांबले नाहीत. जळजळ होते म्हणून औषध टाकून द्यायचे नाही, तर मात्रा आणि वापर बदलून पाहायचे, असे त्यांनी ठरवले. होम्सबर्गमधील कैद्यांवर आणि विद्यापीठातील रुग्णांवर त्यांनी ते लावले. सहकारी होते जेम्स फुल्टन आणि जर्मनीहून आलेले गेर्ड प्लेविग. फुल्टन यांना स्वतःलाच तीव्र मुरुमांचा त्रास होता. पहिल्या काही आठवड्यांत मुरुम उलट वाढल्यासारखे दिसतात, पण औषध चालू ठेवले तर बुचे सुटतात आणि नवी बनत नाहीत, असे त्यांना आढळले. १९६९मध्ये या तिघांचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. १९७१मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ‘रेटिन-ए’ला मुरुमांसाठी मान्यता दिली. जॉन्सन अँड जॉन्सन समूहाने ते बाजारात आणले.

औषध नेमके कसे काम करते, हे मात्र खूप नंतर कळले. १९८७मध्ये शास्त्रज्ञांना पेशींच्या केंद्रकात रेटिनॉइक आम्लाला पकडणारी ग्राहक प्रथिने सापडली. मलमातील द्रव्य या प्रथिनांना जोडले जाते आणि काही जनुकांचे काम बदलते. त्यामुळे पेशींची वाढ आणि गळती पुन्हा सुरळीत होते. परिणाम दिसायला दोन-तीन महिने लागतात ते यामुळेच. आज दिसणाऱ्या मुरुमाची सुरुवात कित्येक आठवड्यांपूर्वी झालेली असते, आणि मलम नव्या बुचांना रोखते.

चॉकलेटचा प्रयोग काय होता?

चॉकलेट खाल्ल्याने मुरुम येतात का, या घराघरांतल्या वादातही क्लिगमन यांचे नाव येते. १९६९मध्येच त्यांच्या गटाने ६५ जणांवर एक प्रयोग केला. त्यात ३० किशोरवयीन मुले-मुली होती, तर ३५ तरुण कैदी. काही आठवडे त्यांना भरपूर चॉकलेट असलेली वडी दिली आणि काही आठवडे चॉकलेट नसलेली, पण तशीच दिसणारी वडी. मुरुमांत फरक पडला नाही, असा निष्कर्ष निघाला आणि कित्येक वर्षे डॉक्टर तोच सांगत राहिले.

पण या प्रयोगाला चॉकलेट उत्पादकांच्या संघटनेचे पाठबळ होते. शिवाय तुलनेसाठी दिलेल्या वडीतही साखर आणि स्निग्धांश जवळपास तितकेच होते. त्यामुळे साखरेचा परिणाम या प्रयोगातून कळण्याजोगा नव्हताच. साखर-मैद्यासारखे रक्तातील साखर झटकन वाढवणारे पदार्थ आणि मुरुम यांचा संबंध असू शकतो, असे नंतरच्या संशोधनातून पुढे आले.

डायऑक्सिन प्रकरण काय?

क्लिगमन यांच्या कारकिर्दीतील सर्वात काळे प्रकरण मुरुमांशीच जोडलेले आहे. १९६४मध्ये डाऊ केमिकल कंपनीच्या कामगारांना डायऑक्सिन या विषारी द्रव्यामुळे हट्टी, मुरुमांसारखे फोड आले. व्हिएतनाम युद्धात फवारलेल्या ‘एजंट ऑरेंज’मध्ये भेसळ म्हणून होते ते हेच द्रव्य. किती मात्रेने फोड येतात हे पाहण्याचे काम कंपनीने क्लिगमन यांना दिले. ठरल्याप्रमाणे ६० कैद्यांच्या त्वचेवर जास्तीत जास्त १६ मायक्रोग्रॅमपर्यंत मात्रा लावण्यात आली. काही झाले नाही. मग क्लिगमन यांनी १० कैद्यांवर ७,५०० मायक्रोग्रॅम लावले. ही मात्रा ठरलेल्या कमाल मात्रेच्या ४६८ पट होती. त्यांतील आठ जणांना फोड आले आणि ते चार ते सात महिने टिकले. या माणसांचे पुढे काय झाले, याचा माग ठेवला गेला नाही. १९८०च्या सुमारास सरकारी यंत्रणांनी चौकशी सुरू केली, तेव्हा त्यांना शोधण्यासाठी नोंदी उरल्या नव्हत्या.

१९६६मध्ये अन्न व औषध प्रशासनाने नोंदींतील गोंधळावरून क्लिगमन यांना नव्या औषधांच्या चाचण्या करण्यास मनाई केली. ही बंदी महिनाभरातच उठली. रेटिन-एवरील महत्त्वाचे काम त्यानंतरच पूर्ण झाले.

प्रयोग बंद कसे झाले?

१९७२मध्ये टस्कीगी प्रकरण उघडकीस आले. अलाबामातील शेकडो कृष्णवर्णीय पुरुषांना उपदंशावरील उपचार न देता सरकारी आरोग्य खाते ४० वर्षे नुसते पाहत राहिले होते. देशभर संताप उसळला. अमेरिकी संसदेत सुनावण्या झाल्या आणि त्यांत तुरुंगांतील प्रयोगांचाही विषय निघाला. १९७४च्या सुरुवातीला होम्सबर्गमधील प्रयोग थांबले. त्याच वर्षी मानवी संशोधनावर देखरेख ठेवणारा कायदा झाला. कैद्यांवरील संशोधनावर १९७८मध्ये कडक निर्बंध आले. कैदेत असलेला माणूस खऱ्या अर्थाने नाही म्हणू शकत नाही, हा त्यामागचा विचार.

क्लिगमन यांना मात्र शिक्षा झाली नाही. विद्यापीठातील त्यांचे स्थान कायम राहिले. १९७५मध्ये प्लेविग यांच्यासह त्यांनी मुरुमांवर लिहिलेला ग्रंथ आजही प्रमाण मानला जातो.

सुरकुत्यांपर्यंत मजल कशी गेली?

मुरुमांसाठी रेटिन-ए लावणाऱ्या वयाने मोठ्या स्त्रिया त्वचा नितळ झाल्याचे आणि बारीक सुरकुत्या कमी झाल्याचे सांगू लागल्या. क्लिगमन यांनी ते गांभीर्याने घेतले. वयाने होणारा बदल वेगळा आणि उन्हाने होणारे नुकसान वेगळे, हा फरक त्यांनी आग्रहाने मांडला. या कामात त्यांच्या पत्नी आणि संशोधक डॉ. लोरेन क्लिगमन यांचाही मोठा वाटा होता. १९८६मध्ये अल्बर्ट क्लिगमन यांनी या वापराचे पेटंट घेतले.

१९८८मध्ये मिशिगन विद्यापीठातील संशोधकांनी ३० जणांवर १६ आठवडे केलेल्या चाचणीचे अनुकूल निष्कर्ष प्रसिद्ध केले आणि अमेरिकेत औषधांच्या दुकानांत झुंबड उडाली. पाठोपाठ हक्कांवरून क्लिगमन, विद्यापीठ आणि कंपनी यांच्यात न्यायालयीन वाद झाला. तो १९९२मध्ये तडजोडीने मिटला. सुरकुत्यांसाठीच्या मलमाला १९९५च्या अखेरीस मान्यता मिळाली. या मलमांनी क्लिगमन श्रीमंत झाले आणि आपल्या विद्यापीठाला त्यांनी लाखो डॉलरच्या देणग्या दिल्या.

भारताशी संबंध कोणता?

१९७५मध्ये क्लिगमन आणि एका सहकाऱ्याने डाग उजळवणारे एक मिश्रण सुचवले. त्यात हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड होते. त्वचारोगतज्ज्ञ त्याला आजही ‘क्लिगमन फॉर्म्युला’ म्हणतात. वांगाच्या डागांवर, डॉक्टरांच्या देखरेखीखाली आणि ठरावीक काळापुरते ते उपयोगी पडते.

भारतात याच धर्तीची तीन औषधांची मलमे ‘गोरे होण्याचे क्रीम’ म्हणून मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय घेतली जाऊ लागली. मैत्रिणीने सांगितले, पार्लरमध्ये सुचवले, म्हणून महिनोन्महिने लावली गेली. सुरुवातीला चेहरा उजळतो. पण त्यातील स्टेरॉइडमुळे त्वचा पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, लव वाढते आणि मुरुमही उठतात. मलम थांबवले की आग होते, म्हणून पुन्हा तेच लावले जाते. भारतीय त्वचारोगतज्ज्ञांनी या अवस्थेला स्टेरॉइडने बिघडलेला चेहरा असे वेगळे नावच दिले. त्यांच्या पाठपुराव्यानंतर २०१८मध्ये केंद्र सरकारने अनेक स्टेरॉइड मलमे चिठ्ठीशिवाय विकण्यावर निर्बंध आणले.

साधे रेटिनॉइड मलम आणि हे तिहेरी मिश्रण यांत गल्लत होऊ नये. ट्यूबवर ट्रेटिनॉइनबरोबर स्टेरॉइडचे नाव असेल, तर ते मुरुमांचे औषध नव्हे.

रेटिनॉइड मलम आज कसे वापरतात?

ट्रेटिनॉइननंतर ॲडापलीन, टॅझारोटीन ही पुढची रेटिनॉइड मलमे आली. त्यांतील ॲडापलीन त्वचेला तुलनेने कमी त्रास देते. डॉक्टर साधारण पुढील गोष्टी सांगतात :

– मलम रात्री, चेहरा धुऊन पूर्ण कोरडा झाल्यावर लावावे. ट्रेटिनॉइन उजेडात निकामी होते.

– संपूर्ण चेहऱ्याला वाटाण्याएवढे पुरते. ते फक्त मुरुमावर टेकवायचे नसते, तर मुरुम येणाऱ्या सगळ्या भागावर पातळ पसरवायचे असते. डोळे, ओठ आणि नाकपुड्यांच्या कडा टाळाव्यात.

– सुरुवात एक दिवसाआड करावी. त्वचा सोलवटली तर मॉइश्चरायझर लावावे आणि मलमाच्या रात्री कमी कराव्यात.

– दिवसा सनस्क्रीन लावावे. सावळ्या त्वचेवर जळजळीनंतर काळे डाग राहतात, म्हणून घाई महागात पडते.

– पहिल्या महिन्यात मुरुम वाढल्यासारखे वाटले, तरी मनाने बंद करू नये. आठ ते बारा आठवडे वाट पाहावी.

– गरोदर असताना किंवा गर्भधारणेचा विचार असताना ही मलमे वापरू नयेत. याच कुळातील पोटात घ्यायच्या आयसोट्रेटिनॉइनमुळे गर्भात गंभीर व्यंगे होतात, त्यामुळे त्याबाबत अधिकच काटेकोर राहावे लागते.

माफी कोणी मागितली?

१९७१मध्ये ॲलन हॉर्नब्लम हे होम्सबर्गमध्ये कैद्यांना लिहायला-वाचायला शिकवण्यासाठी जात. अंगावर पट्ट्या बांधलेले कैदी पाहून त्यांना आधी चाकूहल्ले झाले असावेत असे वाटले. खरे कारण कळल्यावर त्यांनी पुढे वर्षानुवर्षे कागदपत्रे आणि साक्षी जमवल्या. १९९८मध्ये त्यांचे ‘एकर्स ऑफ स्किन’ हे पुस्तक आले. शीर्षक क्लिगमन यांच्याच त्या मुलाखतीतून घेतलेले होते.

त्यानंतर २०००मध्ये २९८ माजी कैद्यांनी क्लिगमन, विद्यापीठ आणि कंपन्यांविरुद्ध दावा दाखल केला. मुदत उलटून गेल्याच्या कारणावरून तो फेटाळला गेला. क्लिगमन यांनी शेवटपर्यंत आपली बाजू सोडली नाही. त्या काळी पैसे देऊन कैद्यांवर चाचण्या करणे सर्वमान्य होते आणि कोणाला कायमची इजा झाल्याचे आपल्याला माहीत नाही, अशी त्यांची भूमिका होती. त्यात अर्धे तथ्य आहे. तुरुंगांतील चाचण्या तेव्हा अमेरिकेत अनेक ठिकाणी चालत. पण संमतीचा नियमही तेव्हा अस्तित्वात होता. ९ फेब्रुवारी २०१० रोजी, वयाच्या ९३व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

२०२१मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या वैद्यकीय विभागाने या प्रयोगांबद्दल माफी मागितली, क्लिगमन यांच्या नावाची व्याख्यानमाला बंद केली आणि त्यांच्या नावाच्या प्राध्यापकपदाला दुसरे नाव दिले. २०२२मध्ये फिलाडेल्फिया शहरानेही माफी मागितली. होम्सबर्ग तुरुंग त्याआधीच, १९९५मध्ये बंद झाला होता. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या नैतिक नियमांतही आज कैद्यांची गणना विशेष संरक्षण लागणाऱ्या गटांत होते.

रेटिन-ए मागे घेण्याची मागणी कोणी केली नाही. मलमाचा गुण खोटा नव्हता. हयात असलेले माजी कैदी आणि त्यांची मुले-नातवंडे यांची मागणी वेगळी आहे : आपल्या अंगावर काय लावले गेले ते कळावे, उपचार मिळावेत आणि भरपाई मिळावी. माफी मिळाली, पण यांतील बऱ्याच गोष्टी अजून मिळायच्या आहेत.